ऐकलेले, टिपलेले आणि समजलेले



आपल्या संस्थेच्या गुणगौरव कार्यक्रमात दहावी-बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलामुलींचा आपण सत्कार करतो. आईवडिलांच्या चेहऱ्यावर समाधान असते, मान्यवर शुभेच्छा देतात, फोटो निघतात. वर्ष-दीड वर्षाने त्याच घरी जाणे झाले आणि चौकशी केली की पुष्कळदा आईकडून ऐकायला मिळते, "दोन विषय राहिले हो भाऊ. ए.टी.के.टी. लागली. अभ्यास तर रोज करत होता, कानात ते घालून तासन् तास ऐकत बसायचा." मुलगा मान खाली घालून उभा असतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्या मोबाइलमध्ये सगळी व्याख्याने आहेत, सगळ्या विषयांच्या पीडीएफ आहेत. पेपरात मात्र तीन ओळींपुढे पेन चालले नाही.

हे असे का होते, याचा विचार करावा म्हणून हा लेख. शाळेत गुरुजी उत्तर फळ्यावर लिहून देत आणि मुले ते उतरवून घेत. कॉलेजात प्राध्यापक पाऊण तास बोलतात आणि पुढच्या वर्गावर निघून जातात. त्यातले काय लिहायचे, काय सोडायचे, लिहिलेल्याचे पुढे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. ज्या घरांत आधीची पिढी कॉलेजात जाऊन आली, तिथे हे जेवता-बसता मुलांच्या कानावर पडते. आपल्यापैकी पुष्कळ घरांत कॉलेजची पायरी चढणारा हाच पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी असते. त्यांच्या हुशारीत उणे नाही. एक साधी रीत त्यांना कोणी दाखवलेली नसते, एवढेच.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेबद्दल आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. ते किती तास वाचत, किती ग्रंथ विकत घेत, हे आपल्याला पाठ झाले आहे. पण वर्गात बसून ते काय करीत, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. तेवढ्या अवधीत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११ घेतले, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही. तिथे त्यांना प्राध्यापक जॉन ड्युई लाभले. के. एन. कदम यांनी नमूद केले आहे की, बाबासाहेब ड्युईंच्या व्याख्यानातील शब्द न् शब्द उतरवून घेत. ड्युई दुर्दैवाने अचानक गेलेच, तर त्यांचे प्रत्येक व्याख्यान आपण जसेच्या तसे पुन्हा सांगू शकू, असे ते मित्रांना म्हणत. माईसाहेब आंबेडकरांचीही आठवण आहे की, तीस वर्षांनंतरसुद्धा ड्युईंची वर्गातली ढब बाबासाहेब हौसेने करून दाखवीत.

येथे एखादा विद्यार्थी म्हणेल, "मग आम्ही वेगळे काय करतो? आम्हीही शब्द न् शब्द मोबाइलमध्ये घेतोच की!" त्याने बाबासाहेबांच्या बोलण्यातला एक शब्द नीट पाहावा. व्याख्याने आपल्यापाशी आहेत, असे ते म्हणाले नाहीत. ती आपण पुन्हा सांगू शकू, असे म्हणाले. वही बंद असताना सांगता येणे आणि वही कपाटात असणे, यांत फार मोठे अंतर आहे.

शिवाय ते सांगण्यापाशीही थांबले नाहीत. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि होऊ न शकलेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतः छापले. त्यात ड्युईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून आहे आणि त्यांचे ऋणही मान्य केले आहे. जुन्या वारशातले सगळेच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे नसते, निवडून द्यायचे असते, हा ड्युईंचा विचार शाळेसंबंधी होता. बाबासाहेबांनी तो जातिव्यवस्थेला लावला. वर्गात ऐकल्यापासून वीस वर्षांनी. त्याच वर्गात बसलेल्या इतर विद्यार्थ्यांची टिपणेही उपलब्ध आहेत. स्कॉट स्ट्राउड या अमेरिकन अभ्यासकाने २०२३ मधील आपल्या ग्रंथात, बाबासाहेबांनी ड्युईंकडून काय ऐकले असेल, याचा माग त्यांवरून काढला आहे. त्या वह्यांत ड्युई काय बोलले ते सापडते. त्याचा आपल्या माणसांना काय उपयोग, ते मात्र बाबासाहेबांनी स्वतः शोधले. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना ५ जूनला सन्माननीय पदवी दिली. गुरूंची भेट होईल या आशेने ते निघाले होते, पण १ जूनला ड्युईंचे निधन झाले होते.

पुढे बाबासाहेब स्वतः शिकवू लागले. १९२८ पासून ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक होते आणि जून १९३५ मध्ये तिथेच प्राचार्य झाले. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांचा १२ वा खंड १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंग्लंडच्या राज्यघटनेवरील त्यांची व्याख्याने आहेत, तसेच मुदतीचा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, पुराव्याचा कायदा अशा विषयांवरची त्यांची टिपणे आहेत. खंड १२ म्हटले की आपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचतो आणि बाकीची पाने उलटून टाकतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांनीच नव्हे, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने ती पाने एकदा समोर घेऊन बसावे. विषय कळला नाही तरी चालेल. मोठा कायदा लहान लहान मुद्द्यांत कसा मांडला आहे, मुद्दा आधी आणि दाखला नंतर कसा येतो, नुसत्या मथळ्यांवरून सगळा विषय कसा डोळ्यांपुढे उभा राहतो, ते पाहावे. टिपण कसे असावे हे शिकायला यापरता चांगला नमुना आम्हाला तरी माहीत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट, सांगायला थोडी शरम वाटते तरी सांगतो. तृतीय वर्ष कला शाखेला असताना आम्ही दिवसा वालीवच्या एका कारखान्यात हंगामी कामगार होतो. तास फारसे होत नसत. वर्गातल्या एका मुलीचे अक्षर सुरेख. तिच्या इतिहासाच्या वहीची झेरॉक्स एकाने काढली, त्या झेरॉक्सची दुसऱ्याने, असे करीत आम्ही बाराजण त्या टिपणांवर परीक्षेला बसलो. त्यात एका पानावर लिहिले होते : महाड सत्याग्रह, १९३०. सरांनी महाड आणि नाशिक एका दमात सांगितले असावे आणि भरभर लिहिताना तिची मधली ओळ गळाली असावी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० चा, तो महाडच्या नावापुढे येऊन बसला. बाराही जणांनी पेपरात तेच साल लिहिले.

आमचे वडील दरवर्षी २० मार्चला महाडला जाणारे. त्यांच्या खांद्यावर बसून आम्ही चवदार तळे पाहिलेले. रात्री जेवताना त्यांनी सहज विचारले, पेपरात काय आले होते? आम्ही उत्साहाने सगळे उत्तर म्हणून दाखवले. त्यांचा हात ताटातच थांबला. "अरे, तळं सत्तावीसचं. तुला ठाऊक नव्हतं?" ठाऊक होते! झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते. पण पेपर लिहिताना आम्ही लिहीत नव्हतो, झेरॉक्स लिहीत होती. किती गुण गेले ते कळले नाही. पण आपल्याच घरात असलेले साल दुसऱ्याच्या कागदावरून चुकीचे लिहिले, याचे वाईट आजही वाटते. त्या मुलीला मात्र आम्ही कधी दोष दिला नाही. तिने निदान ऐकून लिहिले होते. आम्ही बाराजणांनी तेवढेही केले नव्हते.

नंतर धम्माचे थोडे वाचन झाले तेव्हा यातली खोच आमच्या ध्यानात आली. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. तिथे आनंदांनी सुत्ते सांगितली, उपालींनी विनय सांगितला. त्यानंतर काही शतके हे सारे मुखोद्गतच होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळात ते लेखनात आले. मधल्या काळात दीघनिकाय पाठ करणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय पाठ करणारे मज्झिमभाणक, असे भिक्खूंचे गट होते आणि पठण सामुदायिक असे. विहारात परित्राण पाठ घेताना आपल्यालाही हा अनुभव येतो. एखाद्याचा शब्द चुकला की बाकीच्यांच्या कानाला तो तत्काळ खटकतो. दहा तोंडांनी एकत्र म्हटले की एकाची चूक नऊजण पकडतात. आमच्या झेरॉक्सचे नेमके उलटे झाले होते. एकाच वहीच्या बारा प्रती म्हणजे बारा साक्षीदार नव्हेत. एकाच चुकीची ती बारा तोंडे होती. आज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी पीडीएफ फिरते ती बाराजणांकडे नव्हे, बाराशेजणांकडे जाते. ती मुळात कोणी, कोणत्या पुस्तकावरून काढली, हे कोणालाच ठाऊक नसते.

टिपणांच्या बाबतीत परदेशात बरेच संशोधन झाले आहे, त्यातले आपल्या कामाचे तेवढे सांगतो. टिपणाची दोन कामे असतात, अशी मांडणी डिव्हेस्टा आणि ग्रे या संशोधकांनी १९७२ मध्ये केली. पहिले काम लिहितानाच होते : ऐकलेल्यातले महत्त्वाचे निवडावे लागते, म्हणून मन जागे राहते. दुसरे काम नंतरचे : उजळणीला काहीतरी हाती राहते. उसनी वही किंवा पीडीएफ घेतली की दुसरे काम होते, पहिले होत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावून वर्गात गप्पा मारीत बसले तरी तेच. आता तर व्याख्यान मोबाइलला ऐकवले की तो सारांशही काढून देतो. सारांश कधी चांगला असतो, कधी चुकतो. पण काय ठेवावे आणि काय गाळावे, हे ठरवण्याची मेहनत हाच अभ्यासाचा निम्मा भाग होता, आणि तो आपण यंत्राला देऊन टाकला.

हाताने लिहावे की लॅपटॉपवर, यावरही वाद आहे. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपेनहायमर यांच्या प्रयोगात हाताने लिहिणाऱ्यांनी समजुतीच्या प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली दिली. त्याचा फार गाजावाजा झाला. पण २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा उत्तरांत तसा फरक आढळला नाही. मात्र टंकन करणारे वक्त्याचे शब्द जास्त प्रमाणात जसेच्या तसे उतरवतात, हे दोन्ही वेळा दिसले. तेव्हा पेनाचाच आग्रह आम्ही धरीत नाही. आपल्या मुलांना लॅपटॉपचा प्रश्न फारसा नाहीच, त्यांचा प्रश्न फळ्याचा फोटो काढण्याचा आहे. फोटो काढायला हरकत नाही. त्या रात्री तो उघडून आपल्या शब्दांत वहीत उतरवला पाहिजे, नाहीतर परीक्षेच्या आदल्या दिवशी चारशे फोटोंत तो सापडत नाही.

याहून महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक लहान उतारा वाचायला दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला. काहींनी दुसऱ्यांदा वाचण्याऐवजी कागद मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवले आणि मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आमच्या त्या ए.टी.के.टी. लागलेल्या मुलाचे कोडे इथे सुटते. पुन्हा वाचले, पुन्हा ऐकले की त्या क्षणी सगळे येते असे वाटते. हे वाटणे खरेही असते, पण पाच मिनिटांपुरते. परीक्षा मात्र महिन्याने असते.

ध्वनिमुद्रणाचा विषय आपल्याकडे अगदी नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा उच्च शिक्षणाचा कार्यक्रम दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ पासून दाखवला जात होता. शेजाऱ्यांच्या घरी तो लागला की आमच्यासारखी मुले हळूच उठून खेळायला जात. पुढे २००३ पासून एनपीटीईएलची आणि २०१७ पासून 'स्वयम्' या शासकीय उपक्रमाची व्याख्याने मोफत मिळू लागली. पण ही सवय घराघरांत शिरली ती मार्च २०२० नंतर. टाळेबंदीत कॉलेजे बंद, एका खोलीत पाच माणसे आणि एक मोबाइल. वडिलांचा मोबाइल रात्री मोकळा झाला की बहीण-भाऊ दिवसाचे मुद्रित व्याख्यान ऐकत. त्या मुलांनी तेव्हा जे सोसले त्याची नोंद कुठल्या गुणपत्रिकेत नाही. तेव्हा मुद्रित व्याख्यान म्हणजे आळशाचा उद्योग, असे कोणी म्हटले तर आम्हाला ते मान्य नाही.

कष्टकरी विद्यार्थ्याची अडचण बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखली होती. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथे नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कामगाराला दुपारी वर्गात येता येत नाही, म्हणून वर्गच त्याच्या वेळेला नेला. सातिवली-वालीवच्या गाळ्यांत काम करणारा किंवा दुकानात रात्री दहापर्यंत उभा राहणारा आजचा विद्यार्थी व्याख्यान मोबाइलवर ऐकतो, तेव्हा त्याची गरज तीच आहे. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणातून, म्हणजे पूर्वीच्या आयडॉलमधून, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्यांचीही तीच.

मराठी माध्यमातून आलेल्यांना तर ध्वनिमुद्रण हा मोठाच आधार आहे. इंग्रजी व्याख्यान वर्गात एकदाच कानावरून जाते. एक शब्द अडला की त्याचा विचार करेपर्यंत सर चार वाक्ये पुढे गेलेले असतात. हात वर करून विचारायचा धीर होत नाही, कारण बाकीचे हसतील अशी भीती असते. मुद्रित व्याख्यान मात्र थांबवता येते, मागे नेता येते, शब्दकोश काढता येतो, आणि कोणी हसत नाही. परभाषेत शिकणारे विद्यार्थी मुद्रणांचा अधिक उपयोग करतात, असे परदेशातील विद्यापीठांतही दिसून आले आहे. म्हणूनच दुप्पट वेगाने ऐकण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याबद्दल थोडे सावध राहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की, दुप्पट वेगापर्यंत ऐकूनही विद्यार्थ्यांचे फारसे नुकसान होत नाही, त्यापुढे होते. पण तुम्हाला जी भाषा अजून अडते, ती दुप्पट वेगाने ऐकून वेळ वाचत नाही. आमच्या मते ओळखीचा भाग वेगाने ऐकावा आणि नवा भाग थांबत थांबत.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. वर्गात मुद्रण करायचे असेल तर सरांची किंवा मॅडमची आधी परवानगी घ्यावी आणि ते ग्रुपवर टाकू नये. मागितली तर बहुतेक शिक्षक देतात.

आम्ही बँकेत असल्यामुळे आम्हाला एक उदाहरण सुचते. खातेदार चेक भरतो, स्लिपवर शिक्का घेतो आणि निश्चिंत होतो. पण चेक वटेपर्यंत ते पैसे त्याचे नव्हेत. मोबाइलमध्ये साठवलेले व्याख्यान हा असाच न वटलेला चेक आहे. आम्ही स्वतः बँकेच्या जे.ए.आय.आय.बी. परीक्षेसाठी रोज गाडीत व्याख्याने ऐकत होतो. वसईला गाडीत शिरलो की कानात सुरू, ते थेट उतरेपर्यंत. सगळे समजते आहे असे वाटे. पहिल्या खेपेला एक पेपर राहिला. मग आम्ही रीत बदलली. वसई ते भाईंदर ऐकायचे. गाडी भाईंदरहून सुटली की बंद करायचे आणि बोरिवली येईपर्यंत, आता काय ऐकले ते मनातल्या मनात क्रमाने म्हणायचे. विरार गाडीत उभे राहायला जागा नसते, तिथे वही काढणार कुठून! पण मनात म्हणायला जागा लागत नाही. अडले ते लक्षात ठेवायचे आणि बोरिवलीनंतर तेवढेच पुन्हा ऐकायचे. पहिले चार दिवस फार जड गेले. आपल्याला काहीच आठवत नाही, हे रोज कळणे सुखाचे नसते. पण दुसऱ्या खेपेला पेपर सुटला.

या रीतीचा एक फार जुना दाखला आपल्या दाराशीच आहे. नालासोपाऱ्याच्या स्तूपाला आपण सगळे जातो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तो उत्खननातून उजेडात आणला. त्याआधी ती टेकडी बुरुडराजाचा कोट म्हणून ओळखली जाई. हे बंदर त्या काळी शूर्पारक, पालीत सुप्पारक. उदानात येणारा बाहिय दारुचीरिय इथलाच. तथागत भिक्षाटनाला निघालेले असताना त्याने तीनदा विनवणी केली, रस्त्यातच थोडक्यात उपदेश ऐकला आणि तेवढ्यात त्याला सारे उमगले. त्वरित जाणणाऱ्यांत त्याला अग्रस्थान मिळाले. एकदा ऐकून उमगणारे बाहिय वर्गात एखादाच असतो. त्याच्याकडे पाहून बाकीच्यांनी खंत करू नये.

आपल्या कामाचा आहे तो पुण्ण. अट्ठकथेनुसार तो इथलाच व्यापारी. श्रावस्तीला जाऊन भिक्खू झाला. मायदेशी, सुनापरंताला, परतण्यापूर्वी त्याने तथागतांकडे संक्षिप्त उपदेश मागितला, एकटा राहून मनन करता येईल एवढाच. आजच्या भाषेत म्हणायचे तर त्याने टिपण मागितले. तथागतांनी ते दिले. पण ही कथा तिथे संपत नाही. मज्झिमनिकायातल्या पुण्णोवाद सुत्तात पुढे तथागतच त्याला प्रश्न विचारतात. तिथले लोक उग्र आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर तू काय करशील? हात उगारला तर? दगड मारले तर? काठीने मारले तर? शस्त्र चालवले तर? जीवच घेतला तर? प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा कठीण. पुण्ण प्रत्येकाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देतो. दिलेला उपदेश तो परत म्हणून दाखवत नाही. तो जगताना कसा वापरीन, ते सांगतो. ही परीक्षा झाल्यावर त्याला जाण्याची अनुज्ञा मिळाली. आणि त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्तात म्हटले आहे. आमच्या वाचनात हे सुत्त आले तेव्हा, टिपण किती थोडे आणि तपासणी किती मोठी, याचेच नवल वाटले. आपण उलट करतो. टिपणे पोतेभर आणि तपासणी थेट विद्यापीठाच्या परीक्षेत.

घरी तपासणी कोण घेणार, असा प्रश्न आईवडील करतात. "आम्हाला कुठे इंग्रजी येते?" येण्याची गरज नाही. मुलीने पुस्तक मिटून आईला मराठीत सांगावे, आज आम्हाला चलनवाढ शिकवली, म्हणजे काय ते ऐक. बाजारात रोज भाव करणाऱ्या आईने "मग पगार का वाढत नाही?" असे विचारले आणि मुलीला उत्तर देता आले नाही, तर कुठले पान पुन्हा उघडायचे ते तिला कळले. आमच्या वडिलांनी त्या रात्री जेवताना आमची अशीच परीक्षा घेतली होती. फक्त पेपरानंतर घेतली, आधी घेतली असती तर बरे झाले असते.

दुसरे म्हणजे, संस्थेच्या कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहार दुपारपर्यंत मोकळा असतो. त्या वेळात कॉलेजच्या विद्यार्थ्यांची बैठक सुरू करावी. मोठ्या वक्त्याची गरज नाही, बॅनर नको, हारतुरे नकोत. एका विषयाची चार-पाच मुले-मुली एकत्र बसतील. वेगवेगळ्या कॉलेजांची असली तर अधिक चांगले, कारण मग त्यांच्या वह्या एकमेकींच्या झेरॉक्स नसतील. वह्या मिटलेल्या असतील. एकाने आठवड्यात शिकलेला एक मुद्दा उभे राहून सांगायचा, बाकीच्यांनी अडवायचे, शंका विचारायच्या. सालावरून, व्याख्येवरून वाद झाला तर कोणाचीच वही प्रमाण धरायची नाही, ग्रंथालयातले मूळ पुस्तक काढायचे. त्यासाठी शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे खंड, एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि प्रत्येक विषयाचे निदान एक प्रमाण पुस्तक विहाराच्या कपाटात असावे. गुणगौरवाच्या खर्चातून थोडी बचत केली तरी एवढे होण्यासारखे आहे. इतिहास आणि अर्थशास्त्राच्या मुलांबरोबर बसायला आम्ही स्वतः तयार आहोत. इतर विषयांसाठी आपल्या सभासदांत शिक्षक, अभियंते, परिचारिका आहेत, त्यांनी नावे द्यावीत.

येताना प्रत्येकाने आपली वही आणि पेन आणावे. मोबाइल आणला तरी चालेल, पण तो शेवटच्या अर्ध्या तासात, काय विसरले ते पाहण्यापुरताच उघडायचा.